समीरला सांगायचं नाही

चामराजपेटेत माझं सोफ्याच्या गाद्या शिवायचं दुकान आहे. या धंद्यात एक अक्कल येते. कव्हरात कापूस कोंबत राहिलात की एक दिवस शिवण उसवते, आणि ती नेमकी पाहुणे बसलेले असतानाच उसवते! किश्श्यांचंही तसंच. जे घरी सांगता येतात ते उडून जातात. जे सांगता येत नाहीत ते आत कोंबले जातात. आमच्या रविवारच्या डोंगराचे इतके कोंबले गेलेत की आता शिवण धरवत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही काय, ऐकून विसरणारी माणसं.

आधी मंडळी सांगतो, म्हणजे मधेच "हा कोण, ती कोण" करू नका. एक मी, बंडूअण्णा. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांच्या कृपेने. दुसऱ्या सुमनअक्का, मूळच्या अथणीकडच्या. चकल्या करून विकतात, आणि जीभही चकलीसारखीच, सगळीकडून काटे! तेजस आणि केतकी हे पुण्याचं जोडपं व्हाइटफील्डला कॉम्प्युटरसमोर बसतं. आणि जयनगरचे नाना. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता एकटेच राहतात. मालतीवहिनी गेल्याला दोन वर्षं झाली.

नानांचा मुलगा समीर. तोही व्हाइटफील्डला, चौदाव्या मजल्यावर. पोरगा वाईट नाही, पण भित्रा. नाना एकदा गॅस बंद करायचा विसरले आणि एकदा भलत्याच बसमध्ये बसले, तेव्हापासून त्याने ठरवलंय. नानांना काही भास होतो असं जरा जरी कळलं, तर रविवार बंद, जयनगरचं घर बंद, थेट चौदावा मजला. नाना म्हणतात, "बंडू, तिथून खाली बघितलं की माणसं दिसत नाहीत रे. नुसती डोकी दिसतात."

म्हणून आमच्यात एकच नियम. डोंगरावर काहीही घडो, समीरला सांगायचं नाही!

आता घडण्यासारखं तिथे काय आहे म्हणाल, तर काही नाही. शहराबाहेरचं एक तळं आणि त्याला खेटून डोंगर. आम्ही त्याला केरेबेट्टा म्हणतो, म्हणजे तळ्याचा डोंगर. वाट एकच. तळ्याच्या बांधावरून निघते, वळसा घेत माथ्यावरच्या सपाट खडकावर जाते आणि दुसऱ्या अंगाने उतरून परत बांधावर येते. फाटा नाही, आडवाट नाही. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला उतार, खाली पाणी. चुकायला जागाच नाही. मी चुकलो नाही, यावरून समजा!

*

पहिल्याच दिवशी तेजसचं आणि अक्कांचं वाजलं. तेजसच्या ॲपमध्ये डोंगर डाव्या हाताला ठेवून चढायचं होतं. अक्का म्हणाल्या, "डोंगर काय, देव काय, उजव्या हातालाच ठेवायचा. प्रदक्षिणा असते ती. उलटी घालत नाहीत."

"अक्का, हा ट्रेल आहे. लूप ट्रेल!"

"तुझा लूप तू घाल. आम्ही प्रदक्षिणा घालतो."

मग काय, पोरं गेली उलटी आणि आम्ही म्हातारे सुलटे. वाट एकच, तेव्हा मधे कुठेतरी गाठ पडणारच. पडलीही. वळणावर तेजस समोर आला तो मान वर करकरून आमच्या मागे बघत.

"ते काका कुठे गेले?"

"कुठले काका?"

"तुमच्यापुढे होते ना? पांढरा शर्ट. आत्ता आम्हाला क्रॉस झाले, मग परत फिरले. म्हणाले, मंडळी येताहेत, वाट द्या. म्हणून तर आम्ही खडकाला चिकटून उभे राहिलो."

आमच्यापुढे कोणी नव्हतं. सगळ्यांत पुढे मीच होतो, आणि माझा शर्ट लाल.

केतकीचा चेहरा पांढरा पडला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "उलटं गेलं की उलटेच भेटतात!"

मला असली संधी सोडवत नाही. मी विचारलं, "तेजस, पाय बघितलेस का त्यांचे? कुठल्या दिशेला होते?"

त्या दिवशी तेजसने सबंध डोंगर खाली बघत पार केला. स्वतःचेच पाय तपासत होता! पुढच्या रविवारपासून दोघंही प्रदक्षिणेला.

*

माझी खोड तुम्हाला आता कळली. दुसरी ऐका. एकदा मी एक घुंगरू नेलं आणि गुपचूप तेजसच्या सॅकला आतल्या बाजूने अडकवलं. धुकं होतं. तळं दिसत नव्हतं, नुसता त्याचा वास येत होता. तेजस चालला की छुन्, थांबला की बंद. बिचारा दर चार पावलांवर मागे वळून बघायचा.

"काका, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"नाही रे बाबा. का? तुला काय ऐकू येतंय?"

केतकीला कळलं होतं. ती तोंडात ओढणी कोंबून हसत होती. माथ्यावर खायला बसलो तेव्हा पोराची दया आली, म्हणून मी हळूच घुंगरू काढून घेतलं आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

उतरायला लागलो. दोन वळणं झाली आणि मागून आवाज, छुन्.

केतकी वैतागली. "काका, आता बास ना! जोक जुना झाला."

मी खिशावर हात ठेवला. गाठोडं जागच्या जागी होतं. तेजस पुढे चालत होता आणि आवाज सगळ्यांच्या मागून येत होता. सगळ्यांच्या मागे मी होतो.

अशा वेळी शिकलेला माणूस काय करतो मला माहीत नाही. मी मागे न बघता मोठ्याने ओरडलो, "बास झालं आता!"

आणि ते थांबलं. गुणी होतं बिचारं. दुकानातला पोऱ्या एवढं ऐकत नाही!

*

हा छोटा आहे. पण अक्कांसमोर सांगू नका.

वरच्या खडकाआधी एक अवघड चढण आहे. तिथे नाना आधी चढतात आणि वरून हात देतात, सगळ्यांना ओढून घेतात. या वयातही मनगट लोखंडी. एका सकाळी धुकं इतकं की स्वतःचा हात दिसेना. वरून हात आला. अक्कांनी धरला, वर गेल्या.

वर गेल्यावर म्हणतात, "नाना, स्वल्प, जरा हातमोजे घाला की! किती गार पडलाय हात."

माझ्या शेजारून, खालून, नाना म्हणाले, "अहो अक्का, माझ्या बुटाची नाडी सुटलीय. मी अजून चढलोच नाही."

मग अक्कांचा आवाज आला, जरा घोगरा. "असू दे. वर आल्यावर लगेच सोडला तरी. आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा!"

*

आता कावळ्याची गोष्ट.

खायला बसलो की अक्का आधी एक घास खडकाच्या कडेला ठेवतात. कावळे टपलेलेच असतात, घास ठेवायचा अवकाश. पण त्या दिवशी एकच कावळा आला, समोर बसला आणि घासाला शिवेना. थालीपीठ बघायचा, आमच्याकडे बघायचा.

आपल्याकडे कावळा शिवत नाही म्हणजे काय, हे केतकीलाही ठाऊक. कुणा गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मी म्हणालो, "लोणचं पाहिजे असेल." अक्कांनी लोणचं ठेवलं. शिवेना. मग एकेकाने कबूल करायला सुरुवात केली. तेजस म्हणाला, "आईला रोज फोन करीन." केतकी म्हणाली, "सासूबाईंना गावी भेटायला जाईन." मीही घाबरून म्हणालो, "पुढच्या रविवारपर्यंत कोणाची चेष्टा करणार नाही." त्यावर तर कावळ्याने मानच फिरवली!

नाना खाली मान घालून बसले होते. हळूच म्हणाले, "अगं, घेतली गोळी."

कावळा एक उडी पुढे आला. पण शिवला नाही. मान तिरकी करून नानांकडे बघत राहिला.

"घेतली म्हणतोय ना."

कावळा हलेना.

मग नानांनी शर्टाच्या खिशातून सकाळची गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. एवढ्या मोठ्या माणसाने, कावळ्याला!

त्याने घास उचलला आणि सरळ तळ्यावरून पलीकडे गेला.

उतरताना मी नानांना एवढंच म्हणालो, "नाना, हे समीरला सांगितलं असतं ना, तर त्याने कावळ्यालाच पगारावर ठेवलं असतं."

नाना हसले. पण डोळे पुसत हसले.

*

समीरने कावळा ठेवला नाही, त्याने फोन ठेवला. नानांच्या फोनमध्ये असं काहीतरी करून दिलं की नाना जातील तिथे समीरच्या नकाशावर निळा ठिपका सरकतो.

एका रविवारी आम्ही माथ्यावर होतो. ऊन चढलं होतं, खाली तळं ताटासारखं चकचकीत. माझा फोन वाजला. समीर.

"काका, नाना कुठे आहेत?"

"इथेच. माझ्या शेजारी."

"मग ते तळ्याच्या मधोमध का दिसताहेत?"

मी तेजसला विचारलं. तेजस म्हणाला, "सिग्नलचा प्रॉब्लेम असेल. डोंगरात होतं असं."

मी तसंच समीरला सांगितलं. पलीकडे त्याने नकाशा मोठा करून बघितला असावा. मग म्हणाला, "ठिपका चुकीचा असू दे. पण तो चालतोय, काका. पाण्यातून. नानांच्या स्पीडने."

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. वारा नव्हता, बोट नव्हती, बदक नव्हतं. पण तळ्याच्या मधून आमच्या काठाकडे एक सरळ रेघ येत होती. सावकाश. मधेच थांबायची, दम खाल्ल्यासारखी, आणि परत निघायची.

अक्कांनी माझ्या हातातून फोन ओढला. "अरे, तुझे नाना इथं बसून चकली खातायत! नाना, खा हो मोठ्यानं!"

नानांनी फोन तोंडाशी धरून चकली मोडली. कडाड्! समीरला पटलं असावं. किंवा पटलं नसावं. त्याने फोन ठेवला.

रेघ काठाला लागली आणि विरली.

उतरून बांधावर आलो तर नाना पायाकडे बघत उभे. "माझे बूट ओले कसे झाले रे?"

"दव!" आम्ही चौघं एकदम म्हणालो.

डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. नानांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, ड्रॉइंगच्या वर्गात कॉपी पकडावी तसं. मग म्हणाले, "बरं. दव."

*

त्या ठिपक्याने मात्र घात केला. पुढच्या रविवारी सकाळी समीरचा फोन आला. "काका, मी निघालोय. कॅब घेऊन येतोय. नानांना तिथूनच परस्पर व्हाइटफील्डला नेतो. त्यांचे कपडे मी कालच घेऊन गेलो. कृपा करून मधे पडू नका."

नानांना हे माहीत होतं. कपाट रिकामं झालेलं त्यांना दिसणार नाही का? ते म्हणाले, "आजची शेवटची प्रदक्षिणा. ती तरी पुरी करू द्या." आम्ही निघालो. कोणी थट्टा करेना. मी करायला गेलो, तर माझं मलाच हसू येईना.

समीर ट्रॅफिकमध्ये अडकला होता. बांधावर पोचल्यावर त्याने मला पुन्हा फोन केला. "मी दुसऱ्या बाजूने चढतो. म्हणजे समोरासमोर गाठ पडेल."

मी म्हटलं, "सरी, ठीक आहे."

तेजस, केतकी, अक्का पुढे गेले. नाना त्यांच्यामागे, सावकाश. सगळ्यांत शेवटी मी. एका मोठ्या खडकाच्या वळणावरून नाना पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले. मी नेहमीप्रमाणे मागून जाणार, तेवढ्यात त्यांचं बोलणं ऐकू आलं. हळू आवाजात, मधे थांबून, पुन्हा. म्हटलं फोनवर असतील, मुलाशी शेवटचं भांडून घेत असतील. भांडू दे. मी अलीकडेच दगडावर टेकलो.

बसल्यावर आठवलं, ठिपक्याच्या रागाने नानांनी सकाळीच फोन माझ्याकडे दिला होता. तो माझ्या पिशवीत होता.

उठलो, वळण ओलांडलं. नाना एकटेच उभे होते, चष्मा पुसत. पुढे वाट लांबपर्यंत दिसत होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. मला म्हणाले, "चल बंडू. झालं."

काय झालं, ते मी विचारलं नाही.

माथ्यावर बसलो, खाल्लं, उतरलो. समीर वाटेत आला नाही. बांधावर आलो, तर कॅबला टेकून समीर उभा! घामाने भिजलेला, श्वास लागलेला.

"कुठे होतात तुम्ही?" तो जवळजवळ ओरडला. "मी अख्खा डोंगर फिरून आलो. वरच्या खडकावर बसून वाट बघितली. एक माणूस भेटला नाही!"

अक्का म्हणाल्या, "आम्ही वाटेवरच होतो की. तूच कुठं गेलास?"

"वाटेवरच!"

तेजस हळूच म्हणाला, "एकच वाट आहे, समीर."

"तेच म्हणतोय मी!"

आणि नाना म्हणाले, अगदी साधेपणाने, "ओरडतोस काय? भेटलास की मला. खडकाच्या वळणावर. किती वेळ बोलत होतास!"

संपलं. जे दोन वर्षं आम्ही झाकलं ते नानांनी स्वतःच्या तोंडाने, समीरच्या तोंडावर सांगितलं. केतकीने डोळे मिटले. समीरचा राग एकदम उतरला आणि त्या जागी दया आली, आणि ती बघणं रागापेक्षा वाईट होतं. लहान मुलाला विचारावं तसं त्याने विचारलं, "हो? काय बोललो मी, नाना?"

"म्हणालास, नाना, चला माझ्याकडे. आई गेली त्या सकाळी तिचा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये होतो म्हणून कापला. तेव्हापासून फोन वाजला की माझे हात गार पडतात. तुम्ही डोळ्यांसमोर असलात तर मला झोप लागेल." नानांनी चष्मा नीट केला. "मी म्हटलं, वेड्या, तो फोन तुला नव्हताच. तिला समोरच्या सरोजाला लावायचा होता, विरजण मागायला. तुझं नाव नि तिचं नाव फोनमध्ये खालीवर. चुकून लागला. तू कापलास, मग तिने सरोजाला लावला, विरजण आणलं, आणि मग पडली. हे तू आजवर विचारलंच नाहीस मला."

अक्कांनी मला मागून असा चिमटा काढला की अजून वण आहे. म्हणजे, कर काहीतरी!

मी टाळी वाजवली आणि हसत सुटलो. "फसवलं! नाना, फसलात! अरे समीर, तो मी होतो रे. खडकामागून तुझा आवाज काढला!" आणि समीरच्या आवाजात म्हणून दाखवलं, "नाना, चला माझ्याकडे." मला सगळ्यांचे आवाज येतात. अक्कांनी लगेच छत्रीने पाठीत हाणली. "मेल्या, म्हातारपणी तरी सुधार!" केतकी, तेजस हसायला लागले, गरजेपेक्षा जास्त. मी समीरला म्हणालो, "नानांचं डोकं ठणठणीत आहे बघ. माझंच फिरलंय. न्यायचं तर मला ने चौदाव्या मजल्यावर!"

नानांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हळूहळू जाऊन कट्ट्यावर बसले.

समीर माझ्या अगदी जवळ आला. आवाज इतका खाली की इतरांना ऐकू गेला नसेल.

"काका, तुम्ही आवाज काढलात, ठीक आहे. पण आईच्या फोनचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आत्ता चढताना पहिल्यांदाच ते वाक्य जुळवत होतो. मनातल्या मनात."

मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो, सुटली नव्हती तरी.

तेवढ्यात कट्ट्यावरून नानांनी हाक मारली. "समीर, त्या ड्रायव्हरला कशाला ताटकळत ठेवलंयस? सोड त्याला. दर रविवारी तू यायचंस आणि मी जयनगरलाच राहायचं. ठरलं ना आपलं वर?"

समीरने डोंगराकडे बघितलं. मग नानांकडे.

"हो नाना," तो म्हणाला. "ठरलं."

आणि कॅब सोडायला गेला.